बिनपाण्याची बाग

काही माणसं निसर्गाशी प्रामाणिक राहतात, म्हणून ही पृथ्वी अजून टिकून आहे. अशा बाईशी लग्न झालेल्या माणसाचं काय होतं, याची मात्र कुणी चौकशी करत नाही.

बायकोने अंगणातली हिरवळ उपटून माळावरून आणलेलं रानफुलांचं बी टाकलं. "इथल्याच मातीतली पोरं ती. पाण्यावाचून वाढतील." आणि वाढली की! भर उन्हाळ्यात पिवळी-जांभळी फुलं डोलायला लागली. गल्लीतल्या दोघांनी पाण्याच्या नळ्या भंगारात घातल्या. शाळेने तिला भाषणाला बोलावलं. शेजारचे जजसाहेब तेवढे कुंपणावरून म्हणायचे, "वहिनी, तुमच्या गवताला फुलं आली वाटतं. आमचं लॉन बघा, कसं थोडक्या पाण्यात हिरवंगार!"

नवरा मात्र फुलांकडे बघायचं टाळायचा. त्या फुलांखालचा पाइप गळतोय, हे त्याला हिरवळ होती तेव्हापासून ठाऊक होतं. आधी आळसाने दुरुस्त केला नाही, मग प्रेमाने. आळसाचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. प्रेमच आतून खात होतं.

भाषणाच्या आदल्या दिवशी ती आरशासमोर उभी होती. "अहो, 'एक थेंबही नाही' म्हणू, की 'थेंबभरसुद्धा नाही'?"

"थेंबाचा विषयच कशाला काढतेस?" तो म्हणाला. "अगं, खाली पाइप गळतोय. दोन वर्षं झाली."

तिने कंगवा खाली ठेवला. "म्हणजे मी गावभर थापा मारत फिरले?"

"तू नाही. मी."

"तुम्ही तर गप्प होतात. तोंड माझं चाललं होतं."

तिने शाळेला नकार कळवला आणि नळ्या टाकणाऱ्या दोघांच्या दारात जाऊन माफी मागून आली. प्लंबरने पाइप बदलला. शाळेने ऐनवेळी जजसाहेबांना बोलावलं. विषय 'थोडक्या पाण्यात लॉन'. टाळ्या इथवर ऐकू आल्या.

घरात बोलणं 'मीठ द्या' एवढ्यावर आलं. नवरा रोज सकाळी चहाआधी फुलांपाशी जाऊन उभा राही, दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा. आज माना टाकतील, उद्या टाकतील. महिना उलटला. फुलं टवटवीत. आणखी कळ्या धरल्या.

वाळलं ते जजसाहेबांचं लॉन. आधी कुंपणालगत, मग पार पायरीपर्यंत.

अंगणाचा उतार त्यांच्या बाजूला आहे.