झारलिकमधला झ

नारीन गावातल्या एका घरात, उच्चारांचा अभ्यास करणारी सायकाल आवाज मोजायचं यंत्र मांडून बसली होती. घरची सून बुरुलचा हिनं तिच्या यादीतले सगळे शब्द धडाधड वाचले, फक्त ‘झारलिक’पाशी ओठ घट्ट मिटले. ते बुरुलचाच्या सासऱ्यांचं नाव. सून ते तोंडानं कसं घेणार?

“बरं वहिनी, नुसतं ‘झ’ म्हणा. श्वास पुरेल तेवढं लांबवा.”

“झझझझ...” घसा घुमला, दातांतून वारा सुटला, पडद्यावर दोन्ही उमटले. पण उरलेलं नाव आपोआप निसटेल या भीतीनं बुरुलचाचा घसा गप्प झाला. उरलं नुसतं ‘सस्स’.

“अहो, घसा घुमू दे! नुसता वाराच येतोय.”

दाराआडून म्हातारा ओरडला, “अगं सूनबाई, तीस वर्षांनी माझं नाव घ्यायला निघालीस, तर पहिल्याच अक्षराला पंक्चर?”