नाक्यावरचा लांब हॉर्न

मित्रांनो, नाकं मुरडू नका! हूड फाटलेला, पाठीवर ‘अम्मी की दुआ’ लिहिलेला मी एक जुना ऑटो आहे. जन्मलो पुण्याच्या कारखान्यात, पण वाढलो वाशीमला. हे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजे हत्तीवरून फिरले असतील. एसटी स्टँडवरून रेल्वे स्टेशनला मात्र मीच नेतो. एसटी आणि रेल्वे म्हणजे अबोला धरलेल्या दोन जावा. एकीला उशीर झाला तरी दुसरी थांबत नाही. मधल्या मधे धावपळ माझी.

माझे मालक रऊफचाचा आणि एसटीचे ड्रायव्हर माणिकराव यांनी यावर तोड काढली होती. बसमध्ये रेल्वेचा प्रवासी असला, की माणिकराव स्टँडच्या अलीकडच्या नाक्यावर लांब हॉर्न द्यायचे आणि चाचा मला चालू करून ठेवायचे. एरवी नंबर लागल्याशिवाय, सीट भरल्याशिवाय ऑटो हलत नाही. पण लांब हॉर्न वाजला, की बाकीचे मला वाट देत. लोक म्हणत, “रऊफभाईचा ऑटो म्हंजे रेल्वेचा डबाच!” मी काय खूश व्हायचो!

मग माणिकराव रिटायर झाले आणि हॉर्न थांबला. चाचांचंही माझ्याकडे दुर्लक्ष झालं. प्लगवर काजळी साचली. राग यायचा मला, खरंच सांगतो.

काही दिवसांपूर्वी मेडशी गावचे मारोतराव लेकीला, निकिताला, घेऊन निघाले. नांदेडला तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. वाटेतल्या आमच्या वाशीमकडच्या मालेगावात सोयाबीनच्या ट्रॅक्टरांत बस रखडली. रेल्वे चुकली असती, तर पोरीचं वर्ष गेलं असतं. मारोतराव नव्या ड्रायव्हरजवळ, सेवादासजवळ गेले. हे त्यांनीच नंतर चाचांना सांगितलं.

“भाऊ, नाक्यावर लंबा हार्न द्या.”

“कायले?”

“द्या तं खरं! रऊफभाईले बरोबर समजते.”

तो हॉर्न ऐकताच चाचा चहा टाकून धावले. बापलेक बसले, मी सुसाट निघालो. आणि अर्ध्या वाटेत घर्र... फुस्स! निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून आमच्याच स्टँडवरच्या मदनसिंगचा ऑटो आला, पुसद नाक्याकडे निघालेला, खच्चून भरलेला.

“काय झालं चाचा?”

“पोरीची रेल्वे सुटून राह्यली ना!”

त्याच्या सीटवरची अमीनाबी ओरडली, “अरे, देखता क्या बेटा? लगा लात!”

मदनसिंगनं ऑटो चालवता चालवताच माझ्या पाठीला पाय लावला आणि आपली वाट सोडून मला ढकलत थेट स्टेशनला नेलं. त्याच्या सवाऱ्यांपैकी कोणी कुरकुरलं नाही. उलट, निकिता डब्यात चढली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशी गोड लात मी जन्मात खाल्ली नव्हती.

चाचांनी त्याच दिवशी माझा प्लग घासला. आता सेवादास रोज नाक्यावर लांब हॉर्न देतो, रेल्वेचं कोणी नसलं तरी. म्हणतो, “म्हातारा चालू होते का, पाह्यतो.”

होतो की! मित्रांनो, आम्हा जुन्यांची वेळेवर निगा राखा, एवढंच मागणं. दिवाळीच्या सुट्टीत निकिता येणार आहे. ती स्टेशनबाहेर आली, की मला पहिल्याच हिसक्याला चालू व्हायचं आहे.