दोन अंड्यांचं ऑम्लेट

मी न्हावी आहे आणि दुकानात दिवसभर माझी टकळी चालू असते. गिऱ्हाइकाच्या डोक्यापेक्षा त्याच्या कानांवर मी जास्त काम करतो, असं बायको म्हणते. पण घरी जेवायच्या टेबलाशी बसलं की हल्ली मला तोंड सांभाळावं लागतं. पोरगी खात असताना तिच्या ताटाबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. ‘खा’ म्हणायचं नाही आणि खाल्लं तर शाबासकीही द्यायची नाही.

पोरगी पंधरा वर्षांची. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून आम्ही तिला ढब्बू म्हणायचो. आता त्या नावाला घरात बंदी आहे. तिने आधी गोड सोडलं, मग तळलेलं, मग जवळजवळ सगळंच. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरतं. पुढच्या शुक्रवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं बाईंनी तिच्यासमोरच सांगितलं. तिथून निघताना तिने माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्याकडे आली. फोनवर एक जपानी बाई भाज्या घालून ऑम्लेटची गुंडाळी करत होती. “बाबा, हे करशील? सकाळी? पण तूच कर. आई नको.”

आई नको, कारण आईने एकदा सूपमध्ये गुपचूप लोणी घातलं होतं. वर पोरीने विचारल्यावर शपथही घेतली होती. दुधाने तोंड भाजलं की ताकसुद्धा फुंकून पितात. तेव्हापासून ही पोर आईच्या हातचा पाण्याचा ग्लासही उजेडात धरून बघायची.

अटी ठरल्या. अंडी दोनच, तीही तिच्यासमोर फोडायची. तव्याला तेल नुसतं ब्रशने पुसायचं. ती स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून बघायची. बाकी कुठलं तेल तिला चालतच नव्हतं. मी गाजर, सिमला मिरची, कांद्याची पात अशी बारीक कापायचो की कुठल्याही पोराच्या मानेवरचे केस मी इतकं मन लावून कापले नसतील. अंड्यात भाज्या, किसलेलं आलं, थोडा सोया सॉस. मग पातळ थर ओतायचा, तो गुंडाळून एका कडेला सरकवायचा, मोकळ्या जागेत पुढचा थर ओतायचा आणि आधीची गुंडाळी त्यावरून पुन्हा फिरवायची. पहिल्या दिवशी त्याचं पायपुसणं झालं. तरी तिने अर्धं खाल्लं. मी संडासात जाऊन रडलो, कारण टेबलाशी रडायलाही बंदी होती.

गुरुवारी तिने फोडताना अंडी मोजली आणि वेणी घालायला आत गेली. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू किल्ली ठेवायला आल्या होत्या. त्यांच्याशी चार शब्द बोलून परत आलो तर बायको ओट्याशी पाणी पीत उभी होती. मी थर ओतायला लागलो. त्या दिवशी मिश्रण सरता सरेना. मला वाटलं, आपला हात बसला, थर पातळ पडताहेत. मूर्खासारखा खूशही झालो.

टेबलाशी मी पोरीला एका टकल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होतो. चार केस शिल्लक, आणि भांग मधोमध पाडून हवा! ती हसली. एक तुकडा गेला, दुसरा गेला. तिसरा तिने काट्याने उलटला आणि हसू तिथेच थांबलं.

“बाबा, किती अंडी?”

“दोन. तूच पाहिलीस ना?”

“काल चार पदर होते. आज सहा आहेत.”

मी म्हणालो, “अगं, पातळ पडले असतील.” पण बोलता बोलता माझी नजर दाराकडे गेली. बायको तिथे उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी घातलं,” ती म्हणाली. “तिसरं अंडं मी घातलं. यांना काही माहीत नाही गं. शपथ.”

“सूपच्या वेळीही शपथच घेतली होतीस.”

बायकोने गाऊनच्या खिशातून चुरडलेलं कवच काढून टेबलावर ठेवलं. “हे बघ.”

पोरीने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत रागसुद्धा नव्हता. “म्हणजे दोघांनी मिळून ठरवलंत,” ती म्हणाली. “उद्यापासून नको करूस, बाबा.” ताट पुढे सरकवून ती आत गेली.

मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन नाही नाही ते बोललो. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो म्हणालो, दवाखान्यात नळी घालतील म्हणालो, हात जोडले. दार उघडलं नाही. जगाला गप्पांत गुंडाळणारा मी, आणि पोटच्या पोरीला एक खरी गोष्ट पटवता येईना.

स्वयंपाकघरात बायकोवर तोंड सोडायचं ठरवूनच गेलो. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलीस, असं म्हणणार होतो. ती ओट्याला धरून उभी होती. “उद्या वजन आहे हो,” एवढंच म्हणाली. “म्हटलं, एका अंड्याने काटा जरा तरी वर जाईल.” उरलेलं ऑम्लेट आम्ही दोघांनी उभ्या उभ्या खाल्लं. टाकवेना.

दुकान उघडलं. पहिला आला तो कोणी परगावचा होता, पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि माझं नावसुद्धा न विचारता डोळे मिटून घेतले. त्याच्या गळ्याला साबण लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. या अनोळखी माणसाला माझ्या हातातल्या वस्तऱ्याची भीती वाटत नाही, आणि माझ्या लेकीला माझ्या हातच्या घासाची वाटते. गळ्यावरचा साबण वाळत चालला तरी मला हात उचलवेना.