उल्काच्या मापाचा स्वेटर

दूरच्या देशातल्या युद्धात बेघर झालेल्या मुलांसाठी नारायण पेठेत स्वेटर गोळा करावेत की नाही, यावर आमच्या महिला मंडळाने रीतसर चर्चा ठेवली. पुण्यात स्वेटरसुद्धा चर्चेशिवाय घालत नाहीत. बाजूने बोलणार उल्का, माझी शाळेपासूनची मैत्रीण. विरोधात मी. मला कुणी विचारलंही नाही, ‘सरोजिनीताई विरोधात’ असं परस्पर छापून टाकलं. चुकलं काहीच नव्हतं. गेली तीस वर्षं मी वर्तमानपत्रांना एकच पत्र वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आले आहे: आधी आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघा.

मोहीम उल्काच्या नातीची, स्पृहाची. आदल्या दिवशी ती माझ्याकडे विणायच्या सुया मागायला आली. हातातल्या पत्रकावर धुळीने माखलेल्या, रडणाऱ्या एका मुलीचा फोटो.

“हिला विचारलं होतंस का, तुझं रडणं पेठेत वाटू का म्हणून?”

“सरूआजी, फोटो नसेल तर लोक स्क्रोल करून पुढे जातात. इमोशनल कनेक्ट लागतो.”

“साबण विकायलाही तोच लागतो.”

पोरगी हसली. तिला माझी सवय आहे. “उद्या हॉलमध्ये बोला हे. आत्ता सुया द्या.”

सुया ट्रंकेत होत्या. आणि ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पातळाच्या घडीत, निळा स्वेटर होता. तो तिथे आहे हे मी विसरले होते, असं म्हणणार नाही. चोपन्न वर्षं मला ते पक्कं ठाऊक होतं.

एकाहत्तर साली उल्का आणि मी पाचवीत एका बाकावर. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. शाळेत दाराजवळ वर्तमानपत्रातला एका मुलीचा फोटो डकवला होता. तीही रडतच होती. शिवणाच्या दुर्गाबाईंनी लोकर वाटली आणि म्हणाल्या, “छावणीतल्या मुलींची मापं आपल्याकडे नाहीत. जिच्या शेजारी बसता, तिचं माप घ्या.”

काय दिवस होते ते! गणिताच्या तासाला बाकाखाली सुया चालायच्या, लोकरीचे गुंडे गडगडत फळ्यापर्यंत जायचे, आणि बाई ते न दिसल्यासारखं करायच्या. मधल्या सुट्टीत उल्का पायरीवर हात पसरून उभी राहायची आणि मी तिच्या पाठीला विणकाम लावून बघायची. सकाळची शाळा, डिसेंबरचा गारठा, आणि ही फ्रॉकवर आईची ओढणीएवढी पातळ, फाटकी शाल घेऊन यायची. थंडी वाजत नाही म्हणायची. मी ते खरं मानायचे. अख्खा वर्ग मिळून कुणासाठी तरी काही करतोय, ही ऊब मला पुढे कुठेच मिळाली नाही. आजही त्या वर्गाची आठवण आली की जीव तिथेच जाऊन बसतो.

माझा स्वेटर सगळ्यांत देखणा झाला. निळा, छातीवर पांढऱ्या बदकांची रांग. आणि द्यायच्या दिवशी तो मला देववेना. गठ्ठे बांधायच्या खोलीत मी माझा कोपरं विरलेला जुना स्वेटर टाकून आले. नवा घालताही आला नाही. वर्गाने ओळखला असता. शिवाय उल्का काडी आणि मी भोपळा, तो माझ्या दंडातच अडकायचा. राहिला तसाच. कुणाच्याच अंगाला लागला नाही.

चर्चेला जाताना तो मी पिशवीत घातला. सगळं आटोपल्यावर कुणाचं लक्ष नसताना स्वेटर जमा करायच्या खोक्यात सरकवून द्यायचा बेत होता. भाषण विरोधात, स्वेटर बाजूने. उल्काला कळू द्यायचं नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्याजवळ न बोललेली ही एकच गोष्ट.

हॉल भरला होता. उल्का साधं बोलली. मग मी उठले. पत्रकावरचा फोटो, दिखाऊ दया, सगळं घेतलं; “घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं,” म्हटलं तेव्हा टाळ्याही पडल्या. शेवटी बजावलं, “आधी शेजारच्या मुलाला द्या!”

मागच्या रांगेतून श्यामसुंदरराव उभे राहिले. निवृत्त पोस्टमास्तर, आवाज अगदी शांत. “सरोजिनीताई, आपण आजवर शेजारच्या कुठल्या मुलाला काय दिलंत, तेवढं सांगता का?”

लोक हसले. मी पिशवीतून स्वेटर काढला आणि सगळं सांगून टाकलं. दुर्गाबाई, बदकं, जुन्या स्वेटरची अदलाबदल. सांगताना उल्काकडे बघायचं धाडस झालं नाही. मला माझीच लाज वाटत होती.

ती उठून जवळ आली. बदकांवरून बोट फिरवलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “गठ्ठे बांधायला बाईंनी मलाच बसवलं होतं. निळा त्यात नव्हता.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्याकडे स्वेटर नव्हता, सरू. मला वाटलं, माझ्या मापाचा आहे, माझ्यासाठीच ठेवला असशील. संक्रांतीला देशील. दोन हिवाळे वाट बघितली.”

मी खुर्चीत बसले.

स्पृहाने स्वेटर उजेडात धरून पाहिला. एक-दोन ठिकाणी कसर लागली होती. “सॉरी आजी, जुने कपडे घेत नाहीत तिकडे. फक्त नवीन.”

“लोकर चांगली आहे,” उल्का म्हणाली. “उसवून दोघी मिळून परत विणू.”

मी चष्मा लावला आणि गळ्याजवळची शेवटची गाठ शोधून सुईने सैल करू लागले.

“थांब,” उल्का म्हणाली.

स्वेटर घेतला आणि बाहीत हात घातला. पासष्टीचा हात तो, मनगटाच्या पुढे बाही जाईना. माझ्या शेजारी बसून तिने तो हात तसाच थोडा वेळ मांडीवर ठेवला. मग काढून स्वेटर माझ्याकडे दिला.

“हं. आता उसव.”