तिसऱ्या वळणापर्यंत

लमारचा डावा पाय काही केल्या शर्यतीच्या गाडीच्या पिंजऱ्यात जाईना. व्हर्नाने गुडघ्याखाली हात घालून तो उचलला, डेल्बर्टने पलीकडून बूट धरला आणि दोघांनी मिळून त्याला लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यातून एकदाचं सीटवर उतरवलं. एके काळी हा माणूस धावत येऊन एका उडीत आत बसायचा. आता बसल्यावर त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि व्हर्नाला फार अदबीने म्हणाला,

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेताय? माझी माणसं आहेत की इथे."

"असू दे," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा घट्ट करू लागली.

ज्याच्याबरोबर सारा जन्म काढला तो नवरा गेल्या नाताळापासून तिला बाई म्हणत होता. घरात वावरणारी ही परकी म्हातारी कोण, ते त्याला कळत नसे. मागच्या आठवड्यात तर त्याने न्हाणीघराचं दार आतून दाबून धरलं आणि मला वाचवा म्हणून शेजाऱ्यांना हाका मारल्या. लेकीने, जोलीनने, त्याच दिवशी वृद्धाश्रमात जागा ठरवली. सोमवारी त्याला तिथे न्यायचं होतं. व्हर्ना वाद घालत बसली नाही, कारण घालण्यासारखा वाद तिच्यापाशी उरला नव्हता. फक्त एका गोष्टीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. सोमवारच्या आत, एकदाच, त्याने तिला ओळखावं. मग कुठे न्यायचं तिथे न्या.

तिने सगळं करून पाहिलं होतं. त्याच्या आईच्या हातचा असायचा तसा काकवीचा केक भाजला, तो त्याने आवडीने खाल्ला आणि वाढणारीचे आभार मानले. लग्नाचा फोटो पुढे ठेवला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "नवरी देखणी आहे हो. तुमच्या नात्यातली का?"

उरली होती ही गाडी. वेंगरचं पुस्तक हे नुसतं निमित्त. वेंगर हा हॅरिसबर्गचा पत्रकार, पेनसिल्व्हेनियाच्या मातीच्या ट्रॅकवर गाडी उडवणाऱ्या जुन्या लोकांमध्ये लमार श्रेफलरचं चरित्र आधी यायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याला शेवटच्या प्रकरणासाठी लमार स्टिअरिंगवर बसलेला हवा होता. डेल्बर्ट लमारचा जन्माचा मेकॅनिक. त्याने संग्रहालयात ठेवलेली त्याची जुनी गाडी मागून आणली, टाकीत अर्ध्या फेरीपुरतंच मिथेनॉल ओतलं आणि शर्यत नसलेल्या दिवशी सकाळी मालकाकडून ट्रॅक मिळवला. जोलीनला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. कळलं असतं तर तिने आईलाही सोमवारीच आश्रमात टाकलं असतं.

येताना पेट्रोल पंपावर लमारने आपल्या हाताने शेंगदाण्यांची पुडी उचलली आणि वाटभर खात आला. शर्यतीच्या माणसाला शेंगदाणा म्हणजे अपशकुन, साक्षात अपघात. याच लमारने एकदा खिशात शेंगा घेऊन आलेल्या सख्ख्या मेव्हण्याला जेवणाच्या ताटावरून उठवून घरी पाठवलं होतं. डेल्बर्टच्या नजरेला पडायच्या आत व्हर्नाने लमारच्या शर्टावरच्या साली झटकून टाकल्या.

आता डेल्बर्ट वेंगरला गाडीबद्दल सांगत होता. या गाड्यांना आपण होऊन सुरू व्हायची अक्कल नसते. मागून ट्रकने बंपर लावून ढकलायचं, तेलाचा दाब चढला की चालकाने मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, बटण वर करायचं, आणि इंजिन गरजलं की ट्रकने मागे राहायचं.

"पण या महाराजांचा मॅग्नेटो म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता," डेल्बर्ट म्हणाला. "जगाच्या गाड्या पहिल्या वळणावर सुरू व्हायच्या. ही तिसऱ्या वळणापर्यंत नुसती ढकलत न्यायची. मी मॅग्नेटो बदलला, वायरी बदलल्या, दुसऱ्या गाडीतला काढून लावला. पाद्रीबुवांना बोलवायचं तेवढं राहिलं होतं."

वेंगर हसला. मॅग्नेटोवर आपण एक सबंध पान लिहिलंय, असं त्याने सांगितलं. व्हर्नाने डेल्बर्टपुढे हात केला.

"किल्ली दे. ट्रक मी चालवते."

"तू? किती वर्षं झाली व्हर्ना, काही आठवतंय का?"

"दे म्हणते ना."

तिच्या चेहऱ्याकडे बघून डेल्बर्टने किल्ली दिली.

बंपर टेकला आणि गाडी हलली. पहिली भीती ही की लमार स्टिअरिंग वळवेल की नाही. पण वळण आलं तसे त्याचे हात आपोआप फिरले आणि गाडी ओल्या मातीवरून बेताने आत आली. व्हर्नाच्या मनात आशेला पालवी फुटली. ती पुढच्या हेल्मेटकडे बघत राहिली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसरं वळण आलं आणि गेलं. इंजिन गप्पच होतं. चौथं वळण मागे पडलं तेव्हा डेल्बर्ट आणि वेंगर कडेला उभे होते. डेल्बर्ट हाताने बटण वर करायची खूण करत होता.

दुसऱ्या फेरीत तिला रडू आवरेना. "बटण, लमार," ती काचेआडून म्हणत होती, जणू त्याला ऐकू जाणार होतं. "बटण वर कर रे बाबा. एवढं तरी कर."

अशाच एका ट्रकमध्ये असताना तो तिला भेटला होता. तिच्या वडिलांचा पाय मोडला म्हणून त्या मोसमात ट्रक तिच्याकडे आला. गाड्यांच्या आवारात तेव्हा बाईमाणसाला मज्जाव, म्हणून तिने वडिलांच्या टोपीत केस कोंबले, आणि फाटकावरच्या माणसाने दुसरीकडे बघितलं. त्याच मोसमात लमारचा मॅग्नेटो बिघडला. लग्न झाल्यावर, पोर्चमध्ये बसून मक्याची कणसं सोलताना, त्याने तिला खरं काय ते सांगितलं. मॅग्नेटोला काहीही झालेलं नव्हतं. अंगठा बटणावर ठेवून तो तसाच बसून राहायचा, कारण बटण वर केलं की ती मागे राहायची. ट्रक जरा जरी सुटला तरी तो ब्रेकवर हलकासा पाय मारायचा, दोनदा, आणि बंपर पुन्हा येऊन टेकायचा. मागे कोण आहे ते मला माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. डेल्बर्टला सांगू नकोस, तो माझा जीव घेईल, असं तो म्हणाला होता. तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीचं तिसरं वळणही तसंच गेलं. आता संपलं, असं व्हर्नाला वाटलं. हा माणूस खरोखरच गेला होता, आणि ती एका रिकाम्या घराला मागून ढकलत होती. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला. ट्रक मंदावला आणि दोन बंपरांमध्ये हातभर फट पडली.

पुढची गाडी किंचित अडखळली आणि बंपर टेकला. पुन्हा अडखळली आणि पुन्हा टेकला.

व्हर्नाला समोरचं काही दिसेना. तिने कसाबसा ट्रक थांबवला, दार उघडं टाकून उतरली आणि पुढे थांबलेल्या गाडीकडे धावली. पिंजऱ्याच्या नळीला धरून ती वाकली.

"लमार."

त्याने हेल्मेटची काच वर केली होती. चेहरा उजळलेला, डोळ्यांत खट्याळपणा, तिने कित्येक वर्षांत न पाहिलेला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. मान वळवून, तिच्या कमरेशेजारून, तो मागे रिकाम्या ट्रककडे बघत होता.

"बाई, जरा बाजूला होता का?" तो म्हणाला. "ट्रकवरची पोरगी दिसेना. टोपीवाली."

"मीच ती, लमार. मी व्हर्ना."

त्याने तिला नीट न्याहाळलं. पांढरे केस, सुरकुत्या, ओले गाल, सगळं पाहिलं. मग कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने हसला.

"नाही हो," तो म्हणाला. "ती लहान आहे. तिला एवढं सांगाल का, की इतक्यात जाऊ नकोस म्हणावं."

व्हर्ना सरळ झाली. तिने होकाराची मान हलवली.

तोवर डेल्बर्ट आणि वेंगर मातीतून धापा टाकत येऊन पोचले. डेल्बर्टने घाईने आत डोकावून बटण बघितलं. ते खालीच होतं आणि लमारचा अंगठा त्याच्यावर होता. बिचाऱ्याला कळलंच नाही, असं तो पुटपुटला. वेंगरला अवघडल्यासारखं झालं होतं. कॅमेरा त्याने खाली घेतला.

"म्हणजे सुरू झालीच नाही," तो हळूच म्हणाला. "शेवटी काय लिहू, व्हर्नाबाई? पुन्हा मॅग्नेटोच म्हणायचं का?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "मॅग्नेटोच. तसंच लिहा."

मग तिने डेल्बर्टच्या डोक्यावरची तेलकट टोपी काढून घेतली. तो काय गं म्हणेपर्यंत ती आपल्या डोक्यावर घातली, पांढरे केस बोटांनी एकेक करून आत सारले आणि टोपी कपाळावर खाली ओढली. ती गाडीपासून लांबून वळसा घालून ट्रककडे गेली, म्हणजे त्याला ती जवळून दिसायला नको. ट्रकच्या दारापाशी ती क्षणभर थांबली. पुढे लमारने मान वळवून पाहिलं आणि हात वर केला.

व्हर्ना वर चढून बसली. तिने ट्रक हळूच पुढे घेतला आणि बंपरला बंपर टेकवला.