शिंगाळ्याचा काटा

बोईसरहून चिंचणीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या वडाखाली गुरुवारी आणि रविवारी अशी रेटारेटी व्हायची, की एस.टी.च्या ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून निघायचा नाही. कारखान्यांतले कामगार, डोंगरातून मजुरीला उतरलेली कुटुंबं, किनाऱ्यावरच्या मासळीवाल्या, सगळे एकाच रांगेत. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचं मशीनमध्ये चेचलेलं बोट. जखम भरून वर्ष उलटलं तरी ठणका काही जाईना, असे सगळे. रांगेच्या टोकाला वाघाच्या कातड्यावर, म्हणजे पिवळे-काळे पट्टे रंगवलेल्या सतरंजीवर, मुळीबाबा बसलेला.

"बोलो बच्चा, दर्द किधर?" बाबाने नवापूरच्या एकनाथला विचारलं. "खांदा? खांदा नहीं बच्चा, काटा! समिंदर का काटा! हिमालयात बारा वर्षं मुळ्या खाल्ल्या आहेत आम्ही. अन्न नाही, मीठ नाही, फक्त कंदमूळ. ही मुळी हाडाला हाक मारते, हाड उत्तर देतं!"

हंसा नवऱ्यामागे उभी होती. हाडाला हाक मारणारी मुळी तिने पाहिली आणि तिला हसू आवरेना. पण एकनाथच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तिने तोंडाला पदर लावला.

बाबाने खांद्याला लेप फासला. मग पंचाने तोंड पुसलं आणि एकाएकी मौन धरलं. आता चेला ओरडू लागला, "शिंगाळ्याने कधी मारलंय का, आठवा! तो काटा अंगात फिरतो, जुन्या मारावर जाऊन बसतो!" बाबाने पितळेची नळी खांद्याला लावली, गाल आत ओढून चोखलं, डोळे फिरवले, आणि थुंकीसकट तळहातावर टाकला बोटाच्या पेराएवढा करवती काटा.

गर्दीने जयजयकार केला. नवापूरच्या कोळीवाड्यातले, बोट हाकून म्हातारे झालेले तांडेल पुंजाराम कानाला हात लावून म्हणाले, "शिंगाळाच तो. मलाबी मारलंय."

इथेच सगळी मेख होती. शिंगाळा हा करवती काट्यांचा मासा; त्याने मारलं नाही असा मच्छीमार किनाऱ्यावर शोधून सापडणार नाही. जाळ्यातून काढताना त्याचा काटा हातात घुसतो, माणूस दिवसभर तळमळतो. त्यामुळे काटा अंगात राहिला असं म्हटलं, की कोळीवाड्यातल्या कुठल्याही माणसाला ते पटायचंच. बाबा हिमालयात काय शिकला कोण जाणे, पण किनाऱ्यावर येऊन हे एवढं मात्र बरोबर शिकला होता.

एकनाथला मार लागला होता मागच्या हंगामात. जाळं ओढताना यंत्राचा दोर सुटला आणि खांद्यावर आपटला. हाड मोडलं, बसवलं, जुळलंही. पण हात खांद्याच्या वर जाईना. बोईसरच्या डॉक्टर सावेंनी सांगितलं होतं, "हाड ठीक आहे. सांधा आखडलाय. भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा, कप्पीला दोर बांधून ओढायचा. सहा-आठ महिने लागतील. दुखेल, पण करायचं." एकनाथने पंधरा दिवस केलं आणि दोर काढून टाकला. दुखणं घालवायला दुखवून घ्यायचं, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

बाजारात मासळी विकणाऱ्या हंसाच्या शेजारी पाला-लाकूड घेऊन बसणारी ठकी डोंगरातली. तिने निगडीचा, म्हणजे निर्गुंडीचा पाला दिला होता. "पानी उकळून शेक दे, बाय. बरं वाटल. पन हात त्यालाच हलवाया लागल, पाला नाय हलवनार." शेकाने खरंच बरं वाटायचं. पण नारळी पुनव तोंडावर आली होती, एकनाथच्या भावाची बोट निघणार होती, आणि सुकाणूवर दुसरा तांडेल बसवायची बोलणी चालू होती. वीस वर्षं बोट हाकलेल्या माणसाला किनाऱ्यावर बसून बोंबील वाळवायचे, या विचाराने एकनाथ आतून कुरतडला जात होता. अशा माणसाला सहा-आठ महिने सांगणारा डॉक्टर नको असतो.

बाबाने काळ्या गोळ्यांची पुडी दिली. सकाळ-संध्याकाळ एकेक, संपली की नवी पुडी.

आणि चमत्कार झाला! चौथ्या दिवशी एकनाथने हात कानापर्यंत नेला. आठव्या दिवशी हसत हसत बोटीवर चढला. "बघ, तू हसत होतीस ना?" तो म्हणाला. नवऱ्याचं दुखणं गेलं याचा आनंद हंसाला नव्हता असं कोण म्हणेल? सगळं नवापूर वडाखाली लोटलं.

हंसाने मात्र तो काटा पदराच्या गाठीत बांधून आणला होता. देव्हाऱ्यात ठेवायचा, असं एकनाथचं म्हणणं. ठेवण्याआधी तिने तो उजेडात धरला. चाळीस वर्षांत तिने किती शिंगाळे कापले असतील त्याला गणती नाही. ताज्या काट्याच्या बुडाला कातडं असतं, बुळबुळ असते. सुकटीतला काटा खारवलेला, करडा. हा काटा पांढरा स्वच्छ, सांध्यापासून अलगद सुटलेला, आणि खाचांमध्ये पिवळं. तिने नखाने खरवडून वास घेतला. हळद. आणि चिंच.

काटा कालवणातला होता.

तिला आठवलं, बाबाचा चेला रोज सकाळी बाजारातल्या मैनाबाईकडून शिंगाळा नेतो. कंदमुळावर जगणारे महाराज! म्हणजे हा माणूस दुपारी कालवण चापतो, काटा चोखून ठेवतो, आणि तोच उष्टा काटा गालात धरून लोकांच्या दुखऱ्या अंगाला नळी लावतो. आणि तो उष्टा काटा आपल्या घरी देवापुढे बसणार होता. मासळीच्या आतड्यांत हात घालून जन्म गेला, पण असा काटा हंसाने कधी हातात घेतला नव्हता. तिने मोरीवर जाऊन दोनदा हात धुतले.

"काटा खोटा असंल," एकनाथ म्हणाला, "पन दुखनं गेलं ते? ते बी खोटं?"

हात खरोखरच वर जात होता.

उत्तर दीड महिन्याने यायला लागलं. एकनाथचा चेहरा गोल गरगरीत झाला. लोक म्हणाले, बाबाचं तेज चढलं. त्याला तहान लागायची, तांब्यावर तांब्या रिचवायचा. मग किनाऱ्याच्या खडपावर कालवाच्या शिंपीने पायाचा अंगठा कापला. असलं खरचटणं कोळ्याच्या पायाला रोजचंच, दोन दिवसांत भरतं. हे भरेना. अंगठा सुजला, काळपट झाला, घरात वास यायला लागला. एकनाथ म्हणे, दुखत नाही ना, मग कशाला घाबरतेस? आणि गोळी तोंडात टाकायचा.

हंसाने एक गोळी घेतली. पावसाआधी ती सुका जवळा साफ करते, तेव्हा पाण्यात टाकून ढवळते. जवळा वर येतो, रेती तळाला बसते. तिने गोळी कुस्करून काचेच्या पेल्यात टाकली आणि ढवळली. काळा भुसा वर तरंगला. तळाला पांढरीशुभ्र भुकटी बसली. भुसा तिने ठकीला नेऊन दाखवला.

ठकीने चिमूट नाकाशी धरली, जिभेला लावली आणि थुंकली. "शेवग्याची मुळी हाय ही. तुज्या परसात नाय का शेवगा?"

"आनि ह्ये पांढरं?"

"ह्ये झाडाचं नाय, बाय. असं पांढरं कंच्या बी झाडात मी नाय पायलं."

नवरा ऐकेना, तेव्हा हंसाने त्याला रिक्षात घालून, दंडाला धरून डॉक्टर सावेंकडे नेलं. डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात लघवीचे थेंब टाकून त्यांनी ती दिव्यावर धरली. निळं पाणी विटेसारखं लाल झालं.

"साखर. मागच्या वर्षी नव्हती," डॉक्टर म्हणाले. पेल्यातली भुकटी त्यांनी निरखली. "तपासल्याशिवाय नाव छातीठोक सांगणार नाही. पण हा चेहरा, ही साखर, ही न भरणारी जखम... स्टिरॉइड असणार. कुठल्याही दुखण्यावर चार दिवसांत जादू करणारं औषध. आम्हीही देतो, मोजून, नजर ठेवून. असं मुठीने खाल्लं, तर दुखणं झाकतं आणि आतून माणूस पोखरतं."

"मंग आजच बंद करू?" हंसाने विचारलं.

"एकदम नाही. तेही घातक. मी सांगतो तसं कमी करायचं. आणि अंगठा..." त्यांनी सूज पुन्हा चाचपली. "अंगठा वाचणार नाही, वहिनी. पाय वाचवू."

खांद्यासाठी गेलेला माणूस पायाचा अंगठा देऊन परत येणार होता. हंसाला रडू आलं नाही, संताप आला, आणि त्याहून जास्त शिसारी.

अंगठा काढला त्याच्या पुढच्या रविवारी ती वडाखालच्या रांगेत उभी राहिली. तिचा गुडघा ठणठणीत होता. नंबर आल्यावर मात्र ती लंगडत पुढे गेली.

"दर्द किधर, माई?"

"गुडग्यात. शिंगाळ्याने मारलंता."

बाबा खूश झाला. लेप लागला. पंचाने तोंड पुसलं गेलं. मौन सुरू झालं, चेल्याने गळा काढला. बाबाने नळी उचलली, आणि हंसाने ती मनगटासकट धरली.

"थांबा, म्हाराज. आदी चूळ भरा." तिने भरलेला तांब्या पुढे केला.

बाबाने मान हलवली. चेला ओरडला, "मंत्र मोडेल! पाप लागेल!"

"मंतर गालात ठेवतात काय? आमच्याकडं लेकराला घास भरवताना बी हात धुतात. म्हाराज उघड्या अंगाला नळी लावून चोखनार, मंग एक चूळ भराया काय जातं? का हिमालयात पानी नाय?"

मागून कुणीतरी हसलं. हसू रांगेतून पसरत गेलं.

"माज्या घरवाल्याच्या खांद्यातून काटा काढला तुमी. त्याला हळद लागलेली, चिंच लागलेली. माणसाच्या खांद्यात कालवन शिजतं काय?" तिने पदराची गाठ सोडून काटा पुंजाराम तांडेलांच्या हातावर ठेवला. "काका, तुमी सांगा. कच्चा का शिजलेला?"

म्हाताऱ्याने काटा डोळ्यांजवळ नेला, नखाने खरवडला, वास घेतला. सगळ्या किनाऱ्यावर त्यांच्या शब्दाला मान. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याही कमरेतून असाच काटा निघाला होता.

"शिजलेला हाय," ते शेवटी म्हणाले. मग तांब्याकडे बोट दाखवलं. "भर चूळ, बाबा."

बाबाचे डोळे चेल्याला शोधू लागले. चेला रस्त्याच्या दिशेने मागे सरकत होता. लोक पुढे सरकले. बाबाने शेवटचा शहाणपणा केला: गालातला काटा गिळून टाकायला गेला.

शिंगाळ्याचा काटा गिळायचा नसतो, हे नवापूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो घशात आडवा बसला. बाबा लाल झाला, मग जांभळा. लाळ गळायला लागली, डोळे बाहेर आले. हाडाला हाक मारणारी मुळी टोपलीभर शेजारी पडली होती. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही हातांनी गळा धरून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"डागदर... डागदर को बुलाओ!"

काही जण मारायला धावले. "हात नका लावू," हंसा ओरडली. "रिक्षात घाला त्याला. आनि त्या गोळ्या उचला, एक बी सांडू नका."

डॉक्टर सावेंनी चिमटा घालून काटा ओढून काढला. दारात पन्नास माणसं बघत होती. बाबाने आजवर जे शेकडो काटे काढले, त्यांतला अंगात खरोखर रुतलेला हा पहिलाच, आणि तो काढला डॉक्टरने. गोळ्यांची पोती पोलिसांनी नेली. "आता सगळ्यांनी इथंच बसा," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "ज्यांनी ज्यांनी गोळ्या खाल्ल्यात त्या सगळ्यांना तपासायचंय." ओसरीवर माणसं खाली मान घालून बसली. त्यात कितीतरी गोल चेहरे होते.

एकनाथच्या कप्पीला पुन्हा दोर लागला. गोळ्या कमी होत गेल्या तसं दुखणं परत आलं, कारण ते गेलंच नव्हतं. तो दोर ओढायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा ओढायचा. हंसा निगडीच्या पाल्याचा शेक द्यायची. पाला काय करतो आणि काय करत नाही, हे ठकीने आधीच सांगितलेलं होतं. तिने खरं सांगितलं म्हणून तिच्याकडे कधी रांग लागली नाही. पुढच्या हंगामापर्यंत हात कानापर्यंत आला, या वेळी स्वतःच्या बळावर. बोटीवर तो आता सुकाणूशी बसूनच असतो. अंगठा नसलेल्या पायाला हलत्या फळीवर पकड मिळत नाही.

मार लागल्यावर मागे राहणारं दुखणं हट्टी असतं. त्याला वेळ लागतो, मेहनत लागते, कधीकधी ते थोडं उरतंही. झाडपाल्याने आराम पडत असेल तर जरूर घ्यावा, जाणत्याला विचारून, डोळे उघडे ठेवून. पण एका फुंकरीत, एका चोखण्यात, एका काळ्या गोळीत दुखणं काढतो असं सांगणारा कुणी भेटलाच, तर पाया पडायला वाकण्याआधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरा आणि म्हणा: आधी चूळ भर.