वळणावरची खाकर

देवरामची जीप वैशाखऱ्याच्या चढावर खाकरायची. मुरबाडहून माणसं सोडत सोडत सांजेला तो गावाखालच्या वळणाशी यायचा, तिसरा काढून दुसरा गिअर टाकायचा. तेवढ्यात इंजिन एकदा दमायचं, मग घसा साफ करून चढाला लागायचं. घरात सुंदराच्या कानावर ती खाकर पडली की ती आधण चढवायची, आणि जीप अंगणात येईतो तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी असायची. चुलीपाशी गुणगुणायची,

वळणाशी खाकरते जीप माझ्या धन्याची,
उतू जाऊ नको दुधा, वेळ झाली येण्याची.

क्लच दाबून दाबून देवरामचा डावा गुडघा गेला. म्हशाच्या जत्रेआधी त्याने जीप भंगारात घातली. लेकाने, ओमकारने, कल्याणहून बिनक्लचची गाडी आणून दिली.

"गेर नाय तर चढंल कशी रे?" देवरामने विचारलं.

ओमकारने गोठ्यातल्या दाव्याचा फास केला. एक टोक आपल्या हातांत, दुसरं आईच्या. दोघांचे तळवे मनगटाशी जोडलेले, बोटांकडे उघडे. "ह्या दोन पुल्या. दावं म्हंजे पट्टा. माझी पुली इंजिनाची, आईची चाकाची. चढ लागला की मी उघडतो, दावं माझ्यात आत बुडतं. आई, तू मिट. बघ, तुझ्यात वर चढलं. जोर वाढला. सपाटीला ह्याच्या उलट."

"मग गेर कधी बदलतो?" सुंदराने विचारलं.

"बदलतच नाय. पायऱ्या नायत, नुसती घसरगुंडी. इंजिन आपलं एका सुरात."

"एका सुरात? मग कळंल कसं?"

"काय कळायचंय तुला?" देवराम हसला.

पहिल्या सांजेला गाडी लोण्यासारखी चढली. उंबरा मात्र रिकामा. दुसऱ्या सांजेलाही रिकामा. सुंदरा मागच्या पडवीत तांदूळ पाखडत बसलेली. शेजारची गुणाबाई अंगणात होती, तिच्यादेखत देवराम बोलला, "जीपवालाच तेवढा नवरा होता वाटतं."

सुंदराने पाणी आणून दिलं.

मग एकदा भाडं नव्हतं म्हणून तो दुपारपासून घरीच होता. सांजेला अंगणात बसलेला. खाली वळणाशी कुणाची तरी जुनी जीप दमली, खाकरली. घरातून सुंदरा धावत आली, हाताला पीठ, हातात तांब्या. उंबऱ्यात आली आणि तिला देवराम समोरच बसलेला दिसला.

तांब्यातलं पाणी तिच्या पावलांवर सांडलं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी वळणाशी देवरामने ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला, दाबला, पुन्हा सोडला. आवाज नुसता खालीवर झाला. खाकर काही येईना. शेवटी त्याने हॉर्न वाजवला.

सुंदरा बाहेर आली, पण उशिरा. "हॉर्न तर सगळेच मारतात, अवो. मला वाटलं कुनाचं तरी ढोर आडवं आलं."

तो उंबऱ्यावर टेकला. गुडघा चोळत राहिला. "जीप देताना तुला इचारायला पायजे होतं."

"इचारलं असतं तर मी द्या म्हनले असते. गुडघा तुमचाच मोडला होता."

ती आत वळली. चुलीपाशी भांडं वाजलं. आता कुठे आधण चढत होतं.

"पन इचारायचं होतं," आतून ती म्हणाली.